पाहुण्याचा नमस्कार

अकरा क्लब! चौदा वर्षांत अकरा. लोक भाड्याची घरंसुद्धा इतक्या वेळा बदलत नाहीत हो. बरं, भांडून, रुसून, आदळआपट करून सोडले म्हणावं तर तेही नाही. ज्यांनी ये म्हटलं त्यांच्याकडे गेला, ज्यांनी जा म्हटलं त्यांच्याकडून निघाला. अकरा गावचं पाणी प्यायला, पण त्या पाण्याने अंगात जी हुशारी येते म्हणतात, ती काही याच्यात उतरली नाही. बरोबरच्या खेळाडूंनी त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं होतं आणि तोंडावरही तेच म्हणायचे. त्याला राग यायचा नाही. अलीकडे त्याला कशाचंच काही वाटायचं नाही.

खेळायला वाईट होता म्हणाल तर अजिबात नाही. उंची बेताची, वेग त्याहून बेताचा, पण गोलपुढच्या गर्दीत चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या अर्धा क्षण आधी कळायचं. तेवढ्यावर त्याने चौदा वर्षं काढली. क्लबवाले त्याला बोलवायचे तेही तहान लागल्यावर विहीर खणावी तसे. मुख्य फॉरवर्डचा गुडघा गेला, संघ तळाला लागला, की याच्या एजंटला फोन. हा बॅग घेऊन हजर. सात-आठ गोल मारायचा, संघ बुडता बुडता वाचायचा, आणि सीझन संपला की हस्तांदोलन करून नवीन गाव. क्लबाचा शर्ट दोन्ही हातांत धरून काढलेले त्याचे अकरा फोटो होते. शर्ट वेगवेगळे, हसू तेच. पत्रकारांना सांगायचं वाक्यही तेच. "इथे येऊन आनंद झाला, इथल्या चाहत्यांबद्दल फार ऐकलं होतं." सातव्या ठिकाणी त्याने हे वाक्य सहाव्या क्लबाचं नाव घेऊन म्हटलं. सगळे हसले, तोही हसला, आणि सरावाला गेला.

खोल्यांचं तर विचारूच नका. पहाटे उठून दिव्याचं बटण चाचपायचा ते मागच्या खोलीतल्या भिंतीवर असायचं तिथे. नव्या भिंतीवरची जागा हाताला कळेपर्यंत सीझन संपायचा. कुठल्याच खोलीत त्याने खिळा ठोकला नाही, आणि बॅग कपाटावर न ठेवता पलंगाशेजारी उघडीच ठेवायचा.

आता फुटबॉलवाल्यांची एक रीत सांगायला हवी. ज्या क्लबाकडून आपण पूर्वी खेळलो, त्याच्याविरुद्ध गोल मारला तर नाचायचं नाही. धावत सुटायचं नाही, शर्ट काढून भिरकवायचा नाही. जागच्या जागी उभं राहायचं, हात जोडायचे, मान खाली घालायची. ज्या घरचं खाल्लं त्या घरापुढे मिरवू नये, एवढाच त्याचा अर्थ. रीत चांगली आहे. ज्याचे जुने क्लब एक-दोन असतात त्याला ती शोभतेही. पाहुण्याचे जुने क्लब दहा, आणि त्यातले सहा याच लीगमधले. म्हणजे एक सामना सोडला की दुसरा कुणा ना कुणा जुन्या यजमानाशीच. हा आपला गोल मारतोय आणि हात जोडून उभा राहतोय. टीव्हीवरचे लोक गहिवरायचे. "काय हे संस्कार!" संस्कार कसले डोंबलाचे! खरी गोष्ट अशी की हात जोडले की आनंद झाल्याचं दाखवावं लागत नाही, आणि ते त्याला बरं पडायचं. जो आनंद आत होतच नाही तो चेहऱ्यावर आणायचा म्हणजे केवढं काम! बरोबरच्यांनाही ते ठाऊक झालं होतं. पाहुण्याने हात जोडले की कुणी त्याच्या अंगावर उडी मारत नसे, पाठीवर दोन थापा मारून मागे फिरत.

बायकोला ही रीत त्यानेच समजावून सांगितली होती, लग्न नवीन असताना. "ज्यांना सोडून आलो त्यांच्यापुढे नाचायचं नसतं," असं म्हणाला होता. तिला ते तेव्हा फार आवडलं होतं.

पहिली चार गावं ती त्याच्याबरोबर फिरली. खोकी भरायची, चिकटपट्टी लावायची, वर 'स्वयंपाक', 'पुस्तकं', 'बाळाचे कपडे' असं लिहायची. पाचव्या वेळी मुलगी चार वर्षांची होती. बायकोने खोकी आणलीच नाहीत. तिचा मोठा भाऊ एका मध्यम गावात राहायचा, तिथे तिने दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतलं, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी धरली, मुलीला शाळेत घातलं. "तू खेळ," ती म्हणाली, "आम्ही एका जागी थांबतो. थकलास की ये." त्याला पाच वर्षं झाली. त्या गावाचा क्लब खालच्या लीगमध्ये धडपडत असायचा, त्यामुळे तिथे खेळायचा प्रसंग पाहुण्यावर कधी आला नाही. सुट्टीतले वीस दिवस आणि मध्ये कधी एखाद-दोन दिवस, एवढाच तो घरी.

आणि घरी तरी कसा? चहाचे कप कुठे ठेवतेस, असं दर वेळी विचारायचा. मागच्या उन्हाळ्यात आंघोळीला निघाला तर लेकीने पळत येऊन त्याच्या हातात टॉवेल दिला. "बाबा, तो नको, हा घे. हा आपला पाहुण्यांचा आहे." पोरीच्या मनात काही नव्हतं. याच्याही मनात काही आलं नाही. स्वयंपाकघरात बायको मात्र नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली.

यंदा तो गावचा क्लब वर चढला. आणि रविवारी पाहुण्याचा सामना होता त्याच गावात.

बुधवारी सरावानंतर बायकोचा फोन आला. एजंटने बारावा क्लब शोधल्याची खबर त्याच सकाळी पाहुण्याने स्वतःच तिला मेसेज करून कळवली होती. दोन वर्षांचा करार, विमानाने नऊ तासांवर.

"मी भांडायला फोन केलेला नाही," ती म्हणाली. "एकच विचारते. सीझन संपल्यावर तुला घरी यायचंय का? कायमचं?"

"बघू."

"बघू नाही. पाच वर्षं बघतेच आहे मी. हे बघ, रविवारी तू इथेच आहेस. सामन्यानंतर तुमची बस सुटायला वेळ असतो. घरी ये आणि समोर बसून सांग. हो तर हो, नाही तर नाही. नाही म्हणालास तर मी आकांडतांडव करणार नाही. पण मग ते वीस दिवसांचं येणंही नको. तू गेलास की पोर आठ-पंधरा दिवस धड जेवत नाही, तुला माहीत नसतं ते."

"तिकिटं ठेवू का तुमची दोन?"

"विसरशील. मी काढलीत. गोलमागच्या स्टँडमध्ये, आमच्या गावकऱ्यांच्यात."

फोन ठेवून तो पलंगावर आडवा झाला. खोलीत त्याच्याबरोबर संघाचा गोली, म्हणजे गोलकीपर, असायचा, चाळिशीला टेकलेला, चार पोरांचा बाप, तोंडाळ पण मनाचा स्वच्छ. त्याने सगळं ऐकलं होतंच.

"विचार कसला करतोयस रे? हो म्हणून टाक! आपलं वय काय, गुडघे काय! बारावा क्लब म्हणे. तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

"मला काय वाटतंय ते कळत नाहीये," पाहुणा म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं लांब आणि खरं वाक्य गोलीने पहिल्यांदाच ऐकलं.

"बोंबला! अरे, वाटण्याचं काय घेऊन बसलास? आधी घरी जा. वाटेल मागाहून."

हे त्याला पटलं. आनंदाने नाही, पण पटलं. बुधवारी संध्याकाळी जेवताना त्याने ठरवलं की हो म्हणायचं. गुरुवारी एजंटला कळवलं की सोमवारपर्यंत थांब, बहुतेक नाहीच. शुक्रवारी त्याने चष्म्याच्या दुकानाची वेळ, मुलीच्या शाळेची वेळ मनात लावून पाहिली, आपण शाळेत सोडायला जाऊ, असंही एकदा वाटून गेलं. उत्तर तयार होतं. फक्त रविवारी पोचवायचं होतं.

रविवारी दुपारी बस गावात शिरली. पाण्याची उंच टाकी, पूल, हॉस्पिटलसमोरची औषधांच्या दुकानांची रांग, कधीच हिरवा न होणारा तो सिग्नल. पाहुण्याच्या छातीत काहीतरी किंचित सैल झालं. त्याने खिडकीला डोकं टेकवलं. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सामना रटाळ होता. नवीन वर चढलेला संघ जिवावर उदार होऊन खेळत होता, आणि यांचा संघ पाय ओढत होता. पंच्याहत्तर मिनिटांपर्यंत कुणाचाच गोल नाही. मग डावीकडून एक फटका आला, समोरच्या गोलीच्या हातून निसटला, आणि चेंडू नेमका पडणार होता तिथे पाहुणा आधीच उभा होता. पायाच्या आतल्या बाजूने नुसता ढकलला. गोल!

सगळं स्टँड गपगार. ती शांतता त्याला ओळखीची होती. त्याने वर पाहिलं. स्टँडच्या छपरामागे पाण्याची टाकी, तिच्यावर दुपारचं ऊन. हे मला माहीत आहे, त्याच्या अंगाला वाटलं. या गावात मी होतो. आणि पाहुण्याच्या आयुष्यात ओळखीचं गाव म्हणजे जुना क्लब, दुसऱ्या कसल्या ओळखीच्या गावाची सवयच नव्हती त्याला. डोक्याला विचारायला वेळ होता कुठे! हात आपोआप छातीशी जुळले. मान खाली गेली. गोलमागच्या स्टँडपुढे तो तसा उभा राहिला, चांगला पाच-सहा सेकंद.

अंगावर झेपावायला आलेले सोबती वाटेतच थांबले. कॅप्टनने पाठीवर थाप मारली.

"इथेही होतास का रे? कधी?"

"होतो ना," पाहुणा म्हणाला. मध्यरेषेकडे चालता चालता त्याने सालं आठवायला सुरुवात केली. पहिला क्लब, दुसरा, ते बंदराचं गाव, मग सहा महिने उसना गेला ते. बोटांवर मोजत दहापर्यंत आला. हे गाव त्यात नव्हतं.

मग त्याला कळलं. त्याने वळून स्टँडकडे पाहिलं, पण तिथे नुसती डोकी होती, त्यातली दोन कुठली ते दिसेना. पुढची पंधरा मिनिटं तो मैदानावर होता एवढंच. चेंडू दोनदा त्याच्या पायाजवळून गेला आणि त्याने पाय हलवला नाही. सामना एक-शून्य संपला.

ड्रेसिंग रूममध्ये गाणी चालू झाली. कोचने सांगितलं, बस सहाला सुटेल, एक मिनिटही थांबणार नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पाहुण्याने आंघोळ केली नाही, बूट बदलले आणि ट्रॅकसूटवरच निघाला. घर चालत पंधरा मिनिटांवर होतं. रस्त्यात गावाच्या क्लबाचे शर्ट घातलेली माणसं घरी परतत होती. दोघा-तिघांनी त्याला ओळखलं, बघून घेतलं, आणि काही न बोलता पुढे गेली.

खालच्या दारातून शेजाऱ्यांच्या मागोमाग आत शिरला. तिसरा मजला. बायकोने दार उघडलं. डोळे रडलेले नव्हते. तिने बाहेरचे कपडे बदललेही होते.

"ये. चहा घेणारेस?"

"तू स्टँडमध्ये होतीस?"

"होते ना. अगदी समोर." ती स्वयंपाकघराकडे वळली. "तोंडाने सांगायला जड गेलं असतं, म्हणून आधीच सांगितलंस, बरं केलंस. मला वाटलंच होतं. हात जोडलेस तेही चांगलं दिसलं हो. निदान आमच्यापुढे नाचला नाहीस."

"अगं, तसं नाही! ऐक ना. मी हो म्हणायला आलोय. बुधवारीच ठरवलं होतं. गोलीला विचार. एजंटलाही—"

"मग ते काय होतं?"

"चूक झाली."

"कसली चूक?"

आणि इथे या शहाण्याने खरं सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही त्याला, आणि खोटं बोलायचा सराव तर मुळीच नव्हता. "मला वाटलं मी इथे पूर्वी खेळलोय. टाकी दिसली, ओळखीचं वाटलं सगळं. मला वाटलं, हा आपला जुना क्लब आहे."

तिला हसू फुटलं. ओट्याला धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोही कसनुसा हसला. त्याला वाटलं, सुटलो. मग तिने पातेलं उतरवावं तसं ते हसू खाली ठेवलं आणि चहाखालचा गॅस बंद केला.

"सोडून चाललास असं मला वाटलं होतं ना, तेव्हा मला वाईट वाटलं, पण समजलं," ती म्हणाली. "निरोप घ्यायचा तरी समोर कोण आहे ते माहीत असावं लागतं रे. तू तर ओळखलंच नाहीस. तुझं घर आहे या गावात. तुला ते ओळखीचं वाटलं, आणि तुझ्या मनात काय आलं, तर जुनी नोकरी."

"मी शिकेन. राहिलो की सवय होईल."

"कदाचित होईल. पण तोवर पोरीने काय करायचं? तू दिव्याचं बटण शोधत फिरणार आणि ती तुझ्या मागे दिवा लावत." तिने चहाचा कप परत जागेवर ठेवला. "नको. मला नाही जमणार. तुझा मला राग आलेला नाही, हे तुला सांगून ठेवते. भीती वाटते. तू इथे येऊन बसशील, आणि वर्षभराने मला हात जोडून जाशील, आणि तुला काही वाटणारही नाही."

तो उभाच होता. चौदा वर्षांत त्याला जा म्हणणाऱ्या कुणाशी त्याने हुज्जत घातली नव्हती. इथे घालायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण ती कशी घालतात तेच येत नव्हतं.

"पावणेसहा झाले," बायको म्हणाली, आणि आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली. "बाबा निघालाय गं. खालचं दार उघडून दे त्याला, आतूनही कुलपाचा नंबर लागतो, आणि तो बदललाय."

लेक बाहेर आली. नऊ वर्षांची, बापासारखीच बेताच्या उंचीची. चपला घालून पुढे झाली. तीन मजले दोघं उतरली. दुसऱ्या मजल्यावर तिने स्वतःहून त्याचा हात धरला, पायऱ्यांपुरता.

"सामना आवडला का?" त्याने विचारलं.

"हो. पण तुझा गोल झाल्यावर सगळे भांडत होते. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, ते पन्नास वर्षं सामने बघतात. सगळे म्हणत होते हा आपल्याकडे कधी होता, कधी होता. आजोबा म्हणाले, हा आपल्याकडे कधीच नव्हता, मी पैजेवर सांगतो."

"बरोबर आहे त्यांचं."

"मग ते मागे वळले आणि मला म्हणाले, काय गं, तुला माहितीये का हा कोण आहे ते?"

खालचं दार आलं होतं. ती नंबर दाबायला लागली. पाहुण्याने विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं."

"का गं?"

तिने खांदे उडवले. तिला राग नव्हता, लाजही नव्हती. शाळेत काय झालं ते सांगावं तसं सांगत होती. "मग त्यांनी विचारलं असतं की तू इथे कधी होतास. मला ते नीट सांगता आलं नसतं."

तेव्हा त्याला लागलं. घोटे, गुडघे, बरगड्या, चौदा वर्षांत सगळीकडे मार खाऊन झाला होता. पण असं कधी लागलं नव्हतं, की उभं राहता येईना. तो शेवटच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. कितीतरी वर्षांनी. थांबवायचं कसं ते त्याला आठवेना.

लेक दार धरून उभी होती. बाहेरच्या रस्त्यावर अजून ऊन होतं. मग तिने दार दुसऱ्या हाताने धरलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुझी बस जाईल."